बिनगुळाचा चहा

पुष्करनं जीप ठरवली, तारीख ठरवली, हल्द्वानीत आपल्या बिऱ्हाडाखालची खोली ठरवली, आणि मग आईला फोन करून विचारलं, "इजा, तुझं काय म्हणणं आहे?"

"आत्ता विचारतोस होय रे? त्या जीपवाल्यालाच विचार की!" असं म्हणून जसुलीनं फोन बंद केला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला. पुन्हा वाजला तर वाजू दे, गाठ सोडेपर्यंत थांबेल.

पोराचं काही चुकत नव्हतं. तीच तर खरी पंचाईत होती. पोरगं वाईट निघालं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. पण पुष्कर बापासाठी जीव टाकायचा, आणि बापाची छाती चार वर्षांपासून त्याला साथ देत नव्हती. हरकराम म्हणजे अख्ख्या घाटीतला मशकबीनवाला. चामड्याची फुगीर पिशवी काखेत, तिच्यातून निघालेल्या नळ्या खांद्यावर, आणि गाल फुगवून वाजवत वाजवत हा माणूस वरातीच्या पुढे आपल्या सिमलखेत गावचा चढ चढायचा. मागचे नाचणारे धापा टाकायचे, हा नाही. आता त्याच चढावर तो रिकाम्या हातानं तीनदा बसायचा. कोरडा खोकला, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, आणि मनगटं बघाल तर लाकडाच्या काटक्या.

औषधं काय कमी झाली? आधी म्हणाले क्षय. थुंकी तीनदा तपासली, काही निघालं नाही. मग म्हणाले दमा. तोंडात ओढायचा पंप दिला. तो ओढून ओढून गडी कंटाळला, दम होता तिथंच. मग म्हणाले चुलीचा धूर. पुष्करनं गॅस आणून दिला, धूर गेला, खोकला राहिला. शेवटी गेल्या हिवाळ्यात त्यानं दोघांना खाली मैदानात, हल्द्वानीला नेलं. दोन महिन्यांत खोकला हातानं उचलून बाजूला ठेवावा तसा गेला. फाल्गुनात परत वर आले, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

"बघितलंस ना इजा? पहाडाची हवाच सोसत नाही बाज्यूंना," पुष्कर म्हणाला. चक्क डोळ्यांसमोर घडलेलं.

तेव्हा आषाढात जीप येणार, खालच्या गोठ्यातली रतुली गाय शेजारच्या देवकीकडे जाणार आणि घराला कुलूप लागणार. पहाडात एकदा कुलूप लागलेलं घर पुन्हा उघडत नाही, हे जसुलीनं ह्याच गावात अकरा वेळा पाहिलं होतं. हल्द्वानीत तिला काय होतं? खिडकी उघडावी तर समोरच्यांचं न्हाणीघर. पण खाली जाऊ नये, तर माणूस हातचा जातो. हे घर की हा माणूस, असा तो प्रश्न होता. आणि ह्या प्रश्नाला जसुलीकडे एकच उत्तर होतं, म्हणून ती रोज रतुलीच्या गळ्यात हात टाकून गोठ्यात रडून घ्यायची आणि वर येऊन नवऱ्यावर डाफरायची.

"स्वेटर घाला म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?"

"घातलाय गं. आतून घातलाय."

"आतून कोण घालतं स्वेटर?"

"ज्याची बायको बाहेरून बघते तो," हरकराम म्हणायचा, आणि हसता हसता खोकायचा.

लग्नांना जाणं त्यानं बंद केलं होतं, पण मशकबीन सोडली नव्हती. रोज सकाळी ऊन आलं की तो दगडी अंगणात बसून थोडा वेळ वाजवायचा. वाजवायला नाही, म्हणायचा, हिला जिवंत ठेवायला. नळ्या त्याच्या बापाच्या, फौजेच्या बँडमधून आलेल्या. पिशवी मात्र बकऱ्याच्या कातड्याची, वीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतः शिवलेली. आणि कातड्याचं असं असतं की आतून कोरडं पडलं की ते तडकतं, हवा सोडायला लागतं. म्हणून त्याला जेवायला घालावं लागतं. सिमलखेतच्या वाजवणाऱ्यांच्या घरांत हे काम बाईचं. जसुलीला सासूनं शिकवलं होतं. दर महिन्याच्या संक्रांतीला गूळ कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात तूप सोडायचं, नळी काढून ते पिशवीत ओतायचं, पिशवी चोळायची, घुसळायची, उरलेलं गाळून टाकायचं आणि पिशवी चुलीवरच्या खुंटीला टांगायची. लेकराला न्हाऊ घालावं तसं ती ते करायची. गुणगुणत.

नवऱ्याचा दम कमी पडायला लागला तसा तिनं गूळ वाढवला. साधा हिशेब होता. फुंकणारा थकला, तर मशक तरी मऊ असू दे, थोड्या फुंकरीत भरू दे. पाव भेलीची अर्धी भेली झाली. संक्रांतीची वाट बघणंही तिनं सोडून दिलं, पंधरा दिवस झाले की घालायची.

घरात महिन्याला गुळाच्या दोनच भेल्या यायच्या, त्यातली एक अशी मशकेच्या पोटात. तिकडे लोक चहात गूळ विरघळवत नाहीत, हातात खडा धरून एक घोट आणि एक तुकडा असं चालतं. हरकरामच्या तळहातावर रोज खडा असायचा. जसुली बिनगुळाचाच प्यायची.

"तुझा गूळ?"

"दात दुखतो माझा."

हा दात फार जुना होता. इतका, की आता कोणी विचारतही नव्हतं.

फोनची गाठ तिनं संध्याकाळी सोडली. पुष्करचे सात फोन येऊन गेले होते.

"ऐक," ती म्हणाली, "येते मी खाली. तुझ्या न्हाणीघरासमोर बसते. पण त्याआधी एक डॉक्टर माझ्या मनाचा. बागेश्वरला छातीची एक डाक्टरनी आलीय म्हणतात, पहाडातलीच पोरगी. ती पण म्हणाली खाली जा, तर मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

"तू? अक्षर काढणार नाहीस?"

"जास्त बोलू नकोस. कागद घेऊन ये."

*

डॉक्टर रौतेला दिसायला इतकी लहान होती की जसुलीनं आधी तिलाच विचारलं, "पोरी, डाक्टरनी कुठे बसते?" ती म्हणाली, "इथेच, आमा, ह्याच खुर्चीवर. बसा," आणि खरंच जाऊन त्या खुर्चीवर बसली.

तिनं पंप, कागद, फोटो सगळं बाजूला सारलं आणि आधी हरकरामची पाठ ऐकली. वर, मध्ये, खाली. खाली आल्यावर फार वेळ थांबली. मग कानातली नळी काढून तिनं जसुलीच्या कानाला लावली.

"ऐका आमा. बूबू, आता मोठा श्वास घ्या." पहाडात आजी-आजोबांना आमा-बूबूच म्हणतात.

चाळीस वर्षं ह्या माणसाशेजारी निजलेली बाई, पण त्याच्या आतलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. श्वास आत जाताना अगदी शेवटी, तापल्या तव्यावर मीठ टाकावं तसं तडतडलं. तिनं नळी काढून दिली नाही. आणखी दोन श्वास ऐकले.

"दम्यात शिट्टी ऐकू येते," डॉक्टर म्हणाली. "इथे शिट्टी नाही. तडतड आहे, आणि ती दोन्हीकडे, तळाला. आता फुंकायचं बूबू. ह्या नळीत, जोर लावून, संपेपर्यंत."

"चाळीस वर्षं फुंकतोय पोरी," हरकराम ऐटीत म्हणाला. "तू मला फुंकायला शिकवणार?"

आणि फुंकलं त्यानं! यंत्राला जोडलेली नळी थरथरली. पण फुंकर सुरू झाली नाही तोच संपली. तो चकित होऊन नळीकडे बघत राहिला, जणू कुणी मधेच हात मारून काढून घेतली. तीनदा फुंकलं, तीनदा तेच.

डॉक्टरनं पडदा त्याच्याकडे फिरवला. "हे बघा. दम्याच्या माणसाची हवा अडत अडत निघते. वाटच अरुंद असते. तुमची सुळ्ळकन निघाली. वाटेत काही अडचण नाही. पण मुळात आत भरलीच थोडी."

हरकराम पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नळी चोंदलेली नाही. पिशवी ताठलीय."

डॉक्टर हसली. "बूबू, हे समजायला मला तीन वर्षं लागली. तुम्ही एका मिनिटात सांगितलंत."

"कोरडी मशक अशीच करते. कितीही फुंका, घेत नाही." त्यानं छातीवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

पुष्करनं हल्द्वानीत काढलेला छातीचा मोठा फोटो होता. तो डॉक्टरनं उजेडासमोर धरला. काचेवर वाफ धरावी तसं दोन्हीकडे पांढुरकं दिसत होतं. क्षयाचे डाग असे नसतात, ती म्हणाली, ते एखाद्या जागी घर करतात. हे सगळीकडे पसरलंय. श्वासाबरोबर काहीतरी बारीक रोज आत जातंय, आणि छातीला ते सोसत नाही. ते विष असतं असं नाही. दुसऱ्या कुणाला त्याचं काही होणारही नाही. पण ह्यांचं शरीर त्याच्यावर चवताळतं, आणि त्या भांडणात ह्यांच्याच छातीतल्या बारक्या पिशव्या सुजतात. असंच चालू राहिलं तर त्या कायमच्या ताठतात.

"पहाडाची हवा," पुष्कर म्हणाला.

"पहाडाच्या हवेत मी पण वाढलेय," डॉक्टर म्हणाली. "हवेत काय, ते शोधायचंय. घरात कोंबड्या?"

"नाहीत."

"कबुतरं?"

"आम्ही काय नवाब आहोत?" जसुली म्हणाली.

"बुरसटलेलं गवत? गाईला कोण घालतं?"

"मीच घालते सगळं. ह्यांना रतुली जवळ येऊ देत नाही."

"भिंतीला ओल?"

ओल नव्हती. डॉक्टर एकेक विचारत गेली, जसुली एकेक खोडत गेली. बाहेर रांग वाढत होती आणि एक माणूस सारखा दारातून डोकावत होता. डॉक्टरनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"बरं, बूबूंना बरं कधी वाटलं?"

"खाली. हल्द्वानीला," पुष्कर लगेच म्हणाला. "दोन महिने खोकला नाही."

"आणि हात मोडला तेव्हा," जसुली म्हणाली.

डॉक्टरचं पेन थांबलं. "कधी मोडला?"

"त्याच्या आदल्या वर्षी, माघात. बर्फावर घसरले, मनगट गेलं. दीड महिना प्लास्टर. थंडी तर अशी की झऱ्याचं पाणी गोठलेलं. तेव्हा गॅस कुठे होता, चूलच होती, सगळं घर धुरात. पण खोकला? नावाला नाही! मी देवीला बकरा बोलले होते. म्हटलं देवीच पावली."

"इजा, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस!"

"तू मला विचारलंस कधी? तू थर्मामीटरला विचारतोस."

"भांडू नका," डॉक्टर म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. ती खुर्चीत पुढे सरकून बसली. "तेच गाव, तीच थंडी, तोच धूर, आणि खोकला गायब. मग हवा कशी वाईट? आमा, नीट आठवा. त्या दीड महिन्यात बूबूंनी कोणकोणती कामं केली नाहीत?"

जसुली बोटांवर मोजायला लागली. "लाकडं फोडली नाहीत. दाढी मीच करायची. भात मी भरवायची, लाडात आले होते नुसते. आणि बीन वाजवली नाही."

"एका हातानं कशी वाजवणार?" हरकराम म्हणाला.

"हल्द्वानीला बीन नेली होती?"

"छे! तिथं माझ्या घरमालकाला शिंक चालत नाही," पुष्कर म्हणाला. आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

हरकराम मान खाली घालून आपल्या डाव्या काखेकडे बघत होता, जिथे त्या क्षणी काहीच नव्हतं.

"परवा घेऊन या ती," डॉक्टर म्हणाली. "जशी आहे तशी. पुसू नका, धुऊ नका."

*

आणताना जसुलीनं तिला स्वच्छ चादरीत गुंडाळलं. नळ्यांवरची धूळ पुसायला हात शिवशिवत होता, मुलगी दाखवायला नेताना शेंबूड पुसू नको म्हटल्यासारखं झालं होतं, पण डाक्टरनी नको म्हणाली ना. तिच्या मनात अजून काही आलं नव्हतं. फुंकण्याचे श्रम होत असतील, एवढंच तिला वाटत होतं.

डॉक्टरनं सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधायला लावली आणि मशक खिडकीपाशी ठेवली. हरकरामनं नळीची गाठ सोडली, नळी फिरवून उपसून काढली. आंबूस गोड वास आला, विसरून गेलेल्या मुरंब्यासारखा. डॉक्टरनं आत बॅटरी मारली आणि जसुलीला खुणेनं बोलावलं.

आत, वीस वर्षं तिनं चोळलेल्या त्या कातड्यावर, काळसर हिरवी दाट लव उगवली होती. कुठे कुठे पांढरे पुंजके होते. मखमलच म्हणा ना.

"ही बुरशी," डॉक्टर म्हणाली. "बूबू फुंकतात तेव्हा ही उडते. दम घ्यायला नळी तोंडातून काढत नाहीत, तिच्यातूनच थोडी हवा मागे येते, तिच्याबरोबर ही आत जाते. सकाळी वाजवलं की संध्याकाळी कणकण. आता कळलं? मी हिचा नमुना तपासायला पाठवते, पण माझी जवळजवळ खात्री झालीय." मग तिनं कागद ओढला. "नुसत्या कातड्यावर इतकी उगवत नाही. हिला खायला मिळतंय. आत काय घालता, आणि कोण घालतं?"

जसुली मनात मोजायला लागली. अर्धी भेली. पंधरा दिवसांनी. दम कमी पडला की आणखी. चार वर्षं. तिनं सांगायला तोंड उघडलं.

"मीच घालतो," हरकराम म्हणाला.

"काय?"

"गूळ. चिमूटभर."

"नुसता गूळ?"

"नुसता."

बाप रे, काय खोटं बोलत होता तो माणूस! तूप पडतं हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. आयुष्यात कधी त्यानं चुलीवर पातेलं ठेवलं नव्हतं. आणि चेहरा बघाल तर पुजाऱ्यासारखा निर्मळ.

डॉक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. मग जसुलीच्या हातांकडे पाहिलं. मग कागदावर लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "वाजवणाऱ्यांत पिशवीला गूळ घालायची रीत आहे." एवढंच. नाव कुणाचंच नाही.

पुढचं सगळं जसुलीला दुरून ऐकू आल्यासारखं आलं. ही पिशवी घरात नको. नळ्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. सूज उतरायच्या गोळ्या, सांगितलेल्या क्रमानं कमी करत न्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. दोन महिन्यांनी परत येऊन फुंकायचं.

"तेव्हा मी बरोबर की चूक, ते हे यंत्रच सांगेल," डॉक्टर म्हणाली.

"आणि जीप?" पुष्करनं विचारलं.

"थांबवा. पहाडाला उगाच शिक्षा नको."

*

पुष्कर बागेश्वरहूनच हल्द्वानीच्या गाडीत बसला. जसुली नवऱ्याला घेऊन सिमलखेतच्या जीपमध्ये बसली. घरी आली, रतुलीला चारा घातला, पाणी आणलं, भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली. हरकराम अंगणात अक्रोडाखाली नळ्या पुसत बसला होता. शेवटी ती ताडताड त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खोटं का बोललात?"

"काय खोटं?"

"चिमूटभर! चिमूटभर म्हणे! अर्धी अर्धी भेली ओतत होते मी त्यात. आणि तूप! तूप कोण, तुमचा आजा घालत होता?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "मी घातलं. ह्या हातांनी. तुमचा दम कमी झाला की मी आणखी घालायची. जितकं जास्त घातलं तितकं तुम्हाला जास्त झालं. घालत होते मी तुम्हाला… तुम्हाला…" पुढचा शब्द तिच्यानं निघेना. ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली.

हरकराम उठला, सरकत तिच्याजवळ येऊन बसला. तेवढ्यानंही त्याला धाप लागली. ती त्यानं आधी ओसरू दिली.

"ह्या घाटीत माझ्याबरोबर शिकलेले चौघे होते," तो म्हणाला. "सगळ्यांच्या पिशव्या सात-आठ वर्षांत फाटल्या. माझी वीस वर्षं टिकली. लोक म्हणायचे, हरकरामची फुंकर बघा. फुंकर कसली? पिशवी कुणी राखली होती? लग्नघरचे मला अंगणापलीकडे येऊ द्यायचे नाहीत, पण बीन वाजली की घरातली माणसं बाहेर यायची. ते सगळं तुझ्या हातानं झालं. आणि आता मी डाक्टरनीच्या कागदावर तुझं नाव चोरासारखं लिहून घेऊ? इतका हलका समजतेस मला?"

"पण खरं ते खरं."

"खरं तुला माहीत, मला माहीत. बस की. कागदाला कशाला?"

जसुलीनं नाक पुसलं. "खोटं पण धड बोलता येत नाही तुम्हाला. नुसता गूळ म्हणे! त्या पोरीला सगळं कळलं."

"कळलंच असणार," हरकराम म्हणाला. "पहाडातली आहे."

मशक त्यांनी अक्रोडाखालीच पुरली. खड्डा जसुलीनं खणला, माती हरकरामनं लोटली. मग दोन महिने रोज सकाळी तो अंगणात बसून नुसती बोटांची नळी हातात धरायचा. फुंकायचा नाही, फक्त भोकांवरून बोटं फिरवायचा. वरातीची चाल आहे की मुलीच्या पाठवणीची, हे जसुली त्याच्या बोटांवरून ओळखायची आणि गवत कापता कापता तोंडानं गुणगुणायची. चुकली की तो बोटं थांबवून तिच्याकडे बघायचा.

"बघता काय? माझा सूर असाच आहे."

"माहितीये. म्हणून तर बीन घेतली होती."

खोकला पहिल्या आठवड्यात कमी झाला, तिसऱ्यात गेला. पण जसुलीचा जीव काही भांड्यात पडेना. ह्याआधीही गेला होता, हात मोडला तेव्हा, आणि परत आला होता. रोज संध्याकाळी ती त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि तो मुद्दाम डोळे फिरवून दाखवायचा.

आषाढाच्या शेवटी ते परत गेले. पुष्करही आला. हरकरामनं नळी तोंडाला लावली. जसुलीनं डोळे गच्च मिटून घेतले आणि देवीला काहीच बोलली नाही, कारण मागचा बकरा अजून द्यायचाच होता. फुंकर सुरू झाली. चालू राहिली. अजून चालू होती. तिनं एक डोळा उघडला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि पडद्यावरची रेघ चढत होती.

"भरतेय हो पिशवी!" डॉक्टर ओरडलीच. मग तिनं सगळं नीट सांगितलं. पूर्वीइतकी नाही भरणार. थोडा भाग ताठला तो ताठला, चढ हळू चढायचा, तपासणी चुकवायची नाही. वाजवायचं असेल तर वर्षभरानं बघू, तेही धुता येणाऱ्या रबरी पिशवीवर, आणि रोज वाळवून. पण राहायचं कुठे, तर जिथे आवडेल तिथे.

पुष्करनं लगेच जीपवाल्याला फोन लावला. "दाज्यू, ती खेप रद्द. हो, कायमची." फोन ठेवून तो आईकडे वळला. "झालं मनासारखं? आता तरी हसशील?"

"खोलीचं काय करणार?"

"राहू दे. न्हाणीघर बघायला येशील कधीतरी."

जीप सुटायच्या आधी हरकराम "आलोच" म्हणून बाजारात गेला. जसुलीला वाटलं विडी आणायला गेला, आणि तिनं मनातल्या मनात त्याच्यासाठी शिव्या काढून ठेवल्या. तो आला तेव्हा हातात कागदात बांधलेलं काहीतरी होतं. ते त्यानं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध काढून वर आली, तर गॅसपाशी हरकराम! पातेलं उतू गेलेलं, चहापत्ती सांडलेली, बोट भाजलेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं चहा केला होता.

"हे काय मांडलंय?"

"बस."

ती बसली. त्यानं पितळी पेला तिच्यापुढे ठेवला. मग कागद सोडला, भेलीचा मोठा खडा फोडला आणि तिचा हात ओढून तळहातावर ठेवला.

"आता खाणारी दुसरी कुणी नाही," तो म्हणाला. "आता तुझा."

जसुली त्या खड्याकडे बघत राहिली. म्हणजे ह्याला माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं. तिनं एक घोट घेतला आणि खड्याचा तुकडा तोडला. चहा कडूजहर होता, पत्ती डबल पडली होती, आणि गूळ जिभेवर असा उतरला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दात दुखतो ना गं तुझा?"

"दुखतोच," भरल्या तोंडानं जसुली म्हणाली, आणि दुसऱ्या खड्यासाठी हात पुढे केला.